लिनक्स टाकताना फायली उलगडता उलगडता पीसी गोठतो – नवीन काय घेऊ?

पेठेतली
नमस्कार मंडळी. नारायण पेठेत माझे शिकवणीचे वर्ग आहेत. तिथे चौथ्या पिढीच्या आय३ चा असेम्बल पीसी आहे, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, ८ जीबी रॅम (४ जुनी, ४ गेल्या दिवाळीत जुन्या बाजारातून घेतलेली). १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले, विंडोज ११ या प्रोसेसरवर चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट एक्सएफसीई (मिंटची जुन्या पीसीला झेपणारी हलकी आवृत्ती) टाकायला घेतलं.

पेनड्राईव्हवरून डेस्कटॉप येतो, इन्स्टॉल सुरू होतं, आणि फायली कॉपी होताना पट्टी थांबते. पहिल्यांदा ६१ टक्क्यांना, मग ३८, मग २२, काल ७०. एकदा तर माउससुद्धा हलेना.

दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली, एसएसडी टाका. भाचा म्हणतो पेनड्राईव्ह बोगस आहे. दोघांचं ऐकलं तर पैसे माझे जाणार. आधी काय घ्यावं?

सिंहगडरोडी
आधी काहीच घेऊ नका. खरंच अडकलंय की नुसतं हळू चाललंय ते बघितलंत का? लिनक्स आलेला डेटा आधी रॅममध्ये साठवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. म्हणून पट्टी सुरुवातीला भरधाव पळते आणि मग लक्ष्मी रोडवरच्या बससारखी जागच्या जागी उभी राहते. कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर चहा पिऊन या. जुन्या डिस्कवर अर्धा तास काहीच नाही.

पेठेतली
रात्री दहाला लावून घरी गेले होते हो. सकाळीही २२ च टक्के.

जुना_ॲडमिन
मग ती हळू नाही, अडकलीच आहे. पेठेतली ताई, तुम्ही दिलेल्या चार आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. दर वेळी एकाच टक्क्याला थांबत असतं तर मी भाच्याच्या बाजूने गेलो असतो: आयएसओ (इन्स्टॉलसाठी डाउनलोड केलेली मोठी फाईल) अर्धवट उतरलेली, किंवा पेनड्राईव्हचा तेवढा भाग खराब. जागा बदलतेय म्हटल्यावर संशय रॅमवर, नाहीतर उष्णतेवर.

अख्खी सिस्टीम त्या पेनड्राईव्हवर स्क्वॅशएफएस नावाच्या एकाच दाबलेल्या फाईलमध्ये असते. ती ब्लॉक-ब्लॉकने दाबलेली असते. स्क्वॅशएफएसचा नेहमीचा ब्लॉक १२८ केबीचा. सिनेमा बघताना रॅममध्ये एक बिट उलटला तर कुठेतरी एक हिरवा ठिपका चमकून जाईल, कोणाला कळणारही नाही. दाबलेल्या डेटात तोच एक बिट उलटला की अख्खा ब्लॉक उलगडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं आजारी असलेली रॅम नेमकी इन्स्टॉलच्या दिवशी उघडी पडते आणि शिव्या लिनक्सला बसतात.

पुन्हा अडकलं की कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा. काळा पडदा येईल. तिथे सुडो डीमेसेज ही सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा (मोबाईलवरून लिहितोय, उच्चाराप्रमाणे समजून घ्या) द्या आणि शेवटच्या दहा ओळी इथे सांगा. काळा पडदाही येत नसेल तर कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत नसेल तर मशीन पूर्ण गोठलंय, मग बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नाही.

फक्त_डेबियन
मिंट सोडा, डेबियन लिनक्स टाका.

जुना_ॲडमिन
रॅम खराब असेल तर डेबियनही तिथेच अडकेल. पुढे.

कोथरूडचा_भाचा
तुमचा नव्हे, दुसऱ्याच मावशीचा भाचा. आयएसओचा शा-२५६ बेरीज-आकडा (फाईल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवलात का?

पेठेतली
भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर जुळवला, बरोबर आला.

जुना_ॲडमिन
तो त्याच्या लॅपटॉपचा पुरावा झाला. तीच फाईल आजारी मशीनवर लाइव्ह सेशनमधून (पेनड्राईव्हवरून येतो त्या डेस्कटॉपवरून) तपासा. दोन-तीनदा, आणि दर वेळी रीस्टार्ट करून. नाहीतर दुसऱ्यांदा मशीन डिस्कवरून न वाचता रॅममधलीच प्रत वाचेल आणि तेच उत्तर देईल. दर वेळी वेगळा आकडा आला तर दोष पेनड्राईव्हचा नाही.

दुकानदाराचंही बघून टाकू. स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम टाकून डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढा. क्रमांक ५, १९७ आणि १९८ (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) यांच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. १९७ मध्ये आकडा असेल तर दुकानदार बरोबर. १९९ वाढत असेल तर बहुधा साटा केबल, आणि ती किरकोळ पैशांत मिळते.

पेठेतली
केलं. डीमेसेजमध्ये स्क्वॅशएफएस एरर आणि डिकम्प्रेशन फेल्ड, डेटा प्रॉबेबली करप्ट अशा ओळी. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा ब्लॉकचे आकडे वेगळे. बेरीज-आकडे तीनदा काढले, तीन तऱ्हा! डिस्कचे ५, १९७, १९८, १९९ सगळे शून्य.

सिंहगडरोडी
दुकानदाराला पेढे द्या.

जुना_ॲडमिन
आता दुसऱ्या पेनड्राईव्हवर मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाका. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) चालतो. आधी रॅमच्या दोन्ही काड्या लावून, मग एकेक. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. लाल ओळ एक आली काय नि हजार आल्या काय, निकाल तोच.

पेठेतली
काल लावला. गुरुवार असल्याचं विसरले. दहाला लाईट गेले ते पाचला आले. संध्याकाळी पुन्हा. सातव्या मिनिटाला लाल ओळी धो धो.

कॅबिनेट उघडलं तर आत खडूची पांढरी भुकटी (फळ्याच्या मागेच पीसी ठेवतो आम्ही). काड्यांचे सोनेरी दात एका विद्यार्थ्याच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसले. दिवाळीतली काडी काढली आणि फक्त जुनी ठेवली, पास. मला वाटलं सापडला चोर. खात्रीसाठी त्याच खाचेत दिवाळीतली एकटी लावली, तीही पास! आता काय समजायचं?

जुना_ॲडमिन
तीच काडी दुसऱ्या खाचेत लावून बघा.

पेठेतली
दुसऱ्या खाचेत दोन्ही काड्या नापास. एकेकटी लावली तरी लाल.

जुना_ॲडमिन
म्हणजे काड्या ठणठणीत, मदरबोर्डची खाच गेलेली. मी दिवाळीतल्या काडीवर पैज लावली असती. खाच मऊ ब्रशने झाडून एकदा तपासा, पण खडू आत बसला असेल तर फार आशा धरू नका.

तूर्त पहिल्या खाचेत ४ जीबी ठेवून इन्स्टॉल करा. मिंटला किमान २ जीबी लागते, ४ सुचवतात. वर्गाची वेळापत्रकं आणि पीडीएफ यांना पुरे. नंतर वाटलं तर ८ जीबीची एकच डीडीआर३ काडी घ्या, दोन काड्यांचं काम एका खाचेत होईल.

कोथरूडचा_भाचा
डीडीआर३ तपकीर गल्लीत मिळेल. जाताना मेमटेस्टचा पेनड्राईव्ह खिशात ठेवा आणि तिथेच लावून दाखवा म्हणा. जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. लो व्होल्टेजची १.३५ ची काडी दिली तरी घाबरू नका, चालते.

पेठेतली
ब्रशने काही फरक नाही. पण ४ जीबीवर आज सकाळी इन्स्टॉल झालं, सव्वीस मिनिटं, मध्ये एकदाही थांबलं नाही. ९० टक्क्यांना जरा रेंगाळलं तेव्हा श्वास रोखून लाल दिवा बघत बसले होते. एसएसडी घेतली नाही, पेनड्राईव्ह जुनाच. फळा समोरच्या भिंतीवर हलवतेय. प्रिंटर अजून दिसत नाही, त्याचा वेगळा धागा काढते.