सकाळी ७ ला दहा, ११ ला नऊ: रायफल बिघडली की पोरगी?

केळीवाला_यावल

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, केळी आणि थोडा कापूस. रायफलीतलं मला काही कळत नाही, म्हणून चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

पोरगी यंदा दहावी झाली. शाळेतून १० मीटर एअर रायफल खेळते. दिवाळीत तिला जुनी मॅच रायफल घेऊन दिली, हवेच्या सिलिंडरवाली, पीप साईटची (बारीक भोकातून बघून नेम धरायची). ठिबकच्या नळ्या ठेवायचं पत्र्याचं शेड रिकामं केलं, टेपने मोजून १० मीटर धरले, मागे भिंत आहे.

घोळ असा. सकाळी ७ ला उभी केली की १०.३, १०.४ गुणांचे शॉट. ११ वाजले की तीच पोरगी, तेच छर्रे, आणि शॉट खाली. ९.२, ९.१. ती साईटचे क्लिक (नेम वर-खाली करायची चकती) फिरवते, दुसऱ्या दिवशी सकाळी शॉट वर. मग परत फिरवते. आता तर ती म्हणते, "पप्पा, मलाच जमत नाही." हे मला बघवत नाही.

उन्हाने रायफलची नळी वाकते का? आपल्याकडे सध्या ४४ चालू आहे. होळीला मी नळीत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, त्याने झालं असेल का? आणि हवा भरायला हातपंपाने जीव जातो. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, ऑक्सिजनच्या बाटलीवरून दोन मिनिटांत भरून देतो. चालेल का?

छर्रा_धुळे

भो, सरळ दुर्बीण लावून टाक. माझ्या स्प्रिंगच्या एअरगनवर ४ ते १२ पट मोठं दाखवणारी आहे, चिंच तोडतो मी. फक्त महिन्याभरात झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, हलतो, ते एक सोडलं तर मस्त.

आर्मोरर_अमळनेर

यावलवाले भाऊ, बाकीचं नंतर वाचा. ऑक्सिजन भरायचा नाही. दाबातल्या ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा थेंब भेटला की पेट घेतो, आणि तुम्ही तर हौसेने तेल सोडून बसलात. सिलिंडर पोरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. त्यात साधी कोरडी हवाच जाते. वेल्डिंगवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

दुसरं, सिलिंडरवर तारखेचा शिक्का असतो. या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं, स्पर्धेतही त्यापुढे चालत नाही. जुना माल घेतलाय ना? आधी ती तारीख बघा. आणि दुपारी बंद बोलेरोत ठेवू नका. २५ अंशाला २०० बार दाब असलेला सिलिंडर ६५ अंशाला २२५ च्या वर जातो.

आता तुमचा प्रश्न. मी २२ वर्षं फौजेत आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, होतो. "रायफल खराब आहे" म्हणून यायची, त्यातल्या कितीतरी स्क्रू आवळून परत दिल्या. नळी उन्हाने वाकत नाही हो, सावलीतल्या शेडात तर नाहीच. पण एकदम पाच गोष्टी बदलू नका. एका वेळी एक.

पोरीची नेलपॉलिश घ्या. मागच्या साईटचे स्क्रू, पुढच्या साईटचा, लाकूड आणि बॉडी जोडणारे, सगळे मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. टॉर्क रेंच नसेल तर जळगावात महागड्या सायकली विकणाऱ्यांकडे छोटा मिळतो. मनगटाच्या अंदाजाने पिळू नका, ट्रॅक्टर नाही तो. मग स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की समजा फिरला.

तेल: फेल्टचे बोळे मिळतात, मागून पुढे ढकला, कोरडे निघेपर्यंत. त्यानंतरचे पाच-दहा शॉट मोजू नका, नळी बसायला वेळ घेते. यापुढे नळीत तेल नाही. सिलिंडरच्या रबरी रिंगेला लावायचं झालं तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल एवढं.

दाब: गेज किती दाखवतं ते प्रत्येक दहा शॉटला वहीत लिहा. आत रेग्युलेटर असतो, तो वेग सारखा ठेवतो, पण सिलिंडरमधला दाब फार उतरला की त्याचाही इलाज चालत नाही. छर्रा सेकंदाला १७५ मीटरऐवजी १६५ ने गेला तर १० मीटरवर साधारण २ मिलिमीटर खाली बसतो. टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे जवळजवळ एक गुण गेला, आणि पोरगी म्हणणार मलाच जमत नाही.

हे सगळं झालं की रायफल रेतीच्या पिशवीवर ठेवून ७ ला पाच आणि ११ ला पाच शॉट मारायला सांगा. क्लिकला हात लावायचा नाही. कागद जपून ठेवा, मला ग्रुप (भोकांचा पुंजका) किती मोठा ते नको, कुठे सरकला ते सांगा.

आणि एक विचारायचं राहिलं. शेडच्या पत्र्यात उजेडासाठी पारदर्शक शीट आहे का?

धुळेवाले भो, १० मीटर मॅचला दुर्बीण चालत नाही. साईटमध्ये चष्म्याच्या नंबरची काच चालते, तेवढीच. आणि तुमची स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, साधी दुर्बीण रेलवर सरकत जाते. पिनचा अडसर असलेला माउंट (दुर्बीण धरणारी पकड) घ्या. दुर्बीण १०० यार्डाला जुळवलेली असेल तर १० मीटरवर डोळा जरा हलला की काटाही हलतो. चिंचा मोठ्या असतील तुमच्याकडच्या.

केळीवाला_यावल

आहे की शीट! बरोब्बर तिच्या डोक्याच्या जरा पुढे. तुम्हाला अमळनेरात बसून कसं दिसलं?

मागच्या साईटचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला निघाला, आवळला. बोळे काळेकुट्ट निघाले, लाज वाटली. पिशवीवर ७ ला पाचही शॉट जवळजवळ एकाच भोकात. ११ ला पण एकच भोक, पण ३ मिलिमीटर खाली. दाब दोन्ही वेळेला १५० च्या वर होता.

आर्मोरर_अमळनेर

मग रायफल खरी आहे. ११ ला ऊन शीटमधून पुढच्या साईटच्या रिंगेवर वरून पडतं. रिंगेची वरची कड चकाकली की डोळ्याला ती बारीक वाटते, अन् रिंगेचा मध्य आहे त्यापेक्षा वर भासतो. पोरगी काळा गोळा त्या भासलेल्या मध्यात बसवते, शॉट खाली. तिची नजर चोख आहे म्हणूनच तर दररोज तेवढाच सरकतो. शीटवर ताडपत्री टाका, टार्गेटवर एलईडी लावा, परत मोजा.

निळं_जॅकेट_नंदुरबार

काका, मी तीन वर्षं खेळतेय. ताडपत्रीने सरकणं थांबेल, पण पिशवी काढल्यावर ११ चा ग्रुप पसरतोय का तेही बघा. आपल्याकडच्या उन्हात नेमबाजीचं जाड जॅकेट घामाने मऊ पडतं. सकाळी पाठीला फळीसारखा आधार देतं, दुपारी गोणपाट होतं. माझी डावी कोपर दोन बोटं खाली उतरायची आणि मला कळायचंही नाही. मी ४० मिनिटांनी बटणं उघडून पंख्यासमोर बसते. घडी करून ठेवू नका, रुंद हँगरला टांगा. आणि तिला सांगा, साईटवरची अक्षरं नीट वाच. माझ्या जर्मन साईटवर शॉट वर गेला की एच अक्षराकडे फिरवायचं असतं. मी पहिला महिनाभर उलटंच फिरवत होते.

केळीवाला_यावल

ताडपत्री टाकली. पिशवीवर ७ आणि ११ चे कागद एकावर एक धरले, भोकावर भोक. उभी राहून मारते तेव्हा ११ ला अजून पसरतंय. पोरगी म्हणाली ती नंदुरबारची ताई खरं बोलतेय, कोपर उतरते. मला कधी बोलली नव्हती.

आता वाईट बातमी. शिक्का जोडाजवळ होता, काल सिलिंडर काढला तेव्हा दिसला. २०१३.

आर्मोरर_अमळनेर

तारीख *आधी* बघा म्हटलं होतं. दाब हळूहळू सोडून द्या, सिलिंडर बाजूला ठेवा, कोणाला विकू नका. नवा येईपर्यंत रोज अर्धा तास ड्राय फायर (छर्रा न घालता नेम धरून घोडा दाबायचा), जॅकेट घालून. आंडेरले (पोरीला) मना आशीर्वाद सांगा.

केळीवाला_यावल

सांगितला. नवा मागवला आहे, केळीचा एक घड कमी समजू म्हटलं, तर पोरगी हिशेब करून म्हणाली, "पप्पा, एक नाही, लई घड." ताडपत्री कालच्या वावधनात उडाली होती, आज तारेने बांधली.