सड्यावर जाणारी जुनी पाखाडी पुन्हा चालती करायची आहे

सडेकरीण (राजापूर तालुका): आमच्या वाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या सपाटीवर, जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट) जाते. आजी तिथूनच गवताचे भारे आणायची. डांबरी रस्ता आला आणि पाखाडी ओस पडली. घाणेरी नि करवंदीच्या जाळ्या माजल्यात, पऱ्यापाशी (ओहोळापाशी) चार चिरे सुटलेत. गेल्या वर्षी मी मुंबई सोडून कायमची गावी आले. रोज संध्याकाळी कोयती घेऊन हातभर तरी साफ करते. परवा पहिल्यांदा माथ्यावर पोचले. समोर समुद्र, टिटव्यांचा ओरडा, आणि एवढ्या मोकळ्या जागेत मी एकटी! खूप वाईट वाटलं. वाडीतल्या पोरांनी, म्हाताऱ्यांनी इथे यायला हवं. काहीजण म्हणतात, सिमेंट ओता. वर एका बागेचं तारेचं कुंपणही आडवं आलंय. काय करू?

चिरेबंदी: ताई, सिमेंट अजिबात नको. जांभ्यात पाणी मुरतं. सुटलेले चिरे मातीतच पुन्हा बसवा, फटीत चुरा ठासा. मात्र चिरा हाताने उचलू नका, पहारीने उलटा. खाली फुरसं (विषारी साप) असतं. आम्ही दिवाळीनंतर गवत वाळलं की श्रमदान घेतो. घरटी एक माणूस, वर पेज नि लोणचं. दोन रविवारांत आमची पाखाडी मोकळी झाली.

बाणकोटकर: कुंपणासाठी आधी घरी जाऊन बोला, माणसांपुरतं बेडं (फाटक) ठेवायला सांगा. नाहीच ऐकलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत.

कातळफूल: पोरांना पावसाळ्यात न्याच. जून-जुलैत दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती कोकणातल्या सड्यांवरचीच. पुढे सीतेची आसवं. ती इवली निळी फुलं येणारी झाडं किडे खातात, हे सांगितलं की पोरं पोटावर पडून बघतात! फक्त पायवाट सोडू देऊ नका. कातळावर माती बोटभर असते, सगळं त्यातच उगवतं. आणि खोदलेल्या रेषा दिसल्या तर त्यावर पाय नको. आपल्या भागातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

सडेकरीण: कुंपण होळीनंतरचं आहे, म्हणजे मुदत उरली आहे. तरी आधी बागवाल्या काकांकडेच जाते, ते आजीला ओळखायचे. पहार शेजारून मिळाली.