विश्वचषकाचा यजमान मतदानात ठरतो की मतदानाआधी? फिफाच्या सुधारणांनी नक्की काय बदललं

दांडियाबाजार (मूळ मुद्दा)

अहमदाबादला 2030 च्या राष्ट्रकुल खेळांचं यजमानपद मिळालं, 2036 च्या ऑलिंपिकसाठीही दावा आहेच. त्यामुळे सध्या बडोद्यात चार माणसं जमली की हा विषय निघतो आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "हे सगळं पैशावर ठरतं, फिफाचं पाहिलं ना!" तर फिफाचंच, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचंच, नीट पाहू. माझं म्हणणं सरळ आहे. 2010 मध्ये मतं विकत घेतल्याचे आरोप झाले. आता मत विकत घ्यायची गरजच उरलेली नाही, कारण मतदानापर्यंत एकच उमेदवार पोचतो.

2 डिसेंबर 2010, झुरिच. कार्यकारी समितीत 24 जण. त्यातले नायजेरियाचे अमोस अडामू आणि ताहितीचे रेनाल्ड तेमारी एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या छुप्या चित्रीकरणात सापडून आधीच निलंबित झालेले. उरलेल्या 22 जणांनी एका दिवसात दोन विश्वचषक वाटले. 2018 चा रशियाला, दुसऱ्या फेरीत 13 मतं मिळवून. 2022 चा कतारला, चौथ्या फेरीत अमेरिकेविरुद्ध 14-8. स्पर्धा भरवण्याची एकूण जोखीम 'उच्च' असा शेरा फिफाच्याच पाहणी पथकानं फक्त कतारच्या प्रस्तावावर मारला होता. तो कोणी विचारात घेतला नाही, कारण घ्यावाच असं कोणतंही बंधन नव्हतं.

पुढे नियम बदलले, मत 211 संघटनांच्या महासभेकडे गेलं. चांगलं झालं. पण मग 4 ऑक्टोबर 2023 ला फिफा कौन्सिलनं (जुन्या कार्यकारी समितीच्या जागी आलेल्या मंडळानं) काय केलं बघा. 2030 चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालला, शिवाय शताब्दी म्हणून एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेला. म्हणजे एका स्पर्धेत आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका असे तीन खंड वापरून टाकले. 2026 उत्तर अमेरिकेत आहेच. लागोपाठ त्याच खंडांना संधी नाही, या फिरत्या क्रमाच्या नियमानं 2034 साठी उरले आशिया आणि ओशियानिया. त्याच दिवशी 2034 ची प्रक्रियाही उघडली, आणि इच्छा कळवायची मुदत 31 ऑक्टोबर. सत्तावीस दिवस! सौदी अरेबियानं काही तासांत जाहीर केलं, ऑस्ट्रेलियानं शेवटच्या दिवशी माघार घेतली. आधी निदान सात तयार स्टेडियमं लागायची, ती अट चारवर आणली.

शेवटी 11 डिसेंबर 2024 ला ऑनलाइन महासभेत दोन्ही स्पर्धांचा एकच ठराव, आणि तो टाळ्या वाजवून मंजूर. 2030 ला हो म्हणायचं पण 2034 ला नाही, अशी सोयच नव्हती. हे मतदान होतं असं कोणी म्हणेल का?

रावपुरा विंगर

धाग्याचा शेवटचा भाग मान्य. पण 'काही बदललं नाही' असा सूर त्यातून निघतो, तो मान्य नाही.

2010 च्या पद्धतीत बहुमतासाठी बारा माणसं पुरत. लाचेची रक्कम कितीही मोठी असो, बारा माणसांना ती गुपचूप पोचवता येते. बारा माणसं एका जेवणाच्या टेबलावर मावतात, शंभरावर संघटना मावत नाहीत. 13 जून 2018 ला मॉस्कोत 2026 साठी मतदान झालं तेव्हा अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोला 134 आणि मोरोक्कोला 65 मतं पडली. कोणत्या संघटनेनं कोणाला मत दिलं ती अख्खी यादी जाहीर झाली. त्याआधी दोन्ही प्रस्तावांना गुण दिले गेले: 5 पैकी 4.0 आणि 2.7. गुणांत स्टेडियमचा वाटा 35 टक्के, वाहतुकीचा 13 टक्के, आणि ठरावीक गुणांखाली गेलं तर प्रस्ताव महासभेपुढे जाऊच शकला नसता. 2010 च्या 'उच्च जोखीम' शेऱ्याशी तुलना करा. तो शेरा होता, हा अडसर आहे.

कायदाही बदलला. स्वित्झर्लंडमध्ये खाजगी संस्थेतली लाच हा पूर्वी स्वतंत्र गुन्हाच नव्हता. आयएसएल ही फिफाचे हक्क विकणारी विपणन कंपनी 2001 मध्ये बुडाली आणि तिनं फिफाचे माजी अध्यक्ष आवेलांज व ब्राझीलच्या संघटनेचे प्रमुख टेशेरा यांना कोट्यवधी फ्रँक दिल्याचं पुढे न्यायालयाच्या कागदांत उघड झालं, तरी लाच घेतल्याची शिक्षा कोणाला झाली नाही. जुलै 2016 पासून तिथे खाजगी लाचखोरीवर सरकारी वकील स्वतःहून कारवाई करू शकतो. हा बदल फुटबॉलच्या आतल्या कोणत्याही ठरावापेक्षा मोठा आहे.

मांडवीची ताई

विंगरभाऊ, बारा आणि शंभर हा हिशेब तुम्ही मांडलात, पण शंभर मतं मिळवायचा कायदेशीर रस्ता आहेच की. फिफा फॉरवर्ड, म्हणजे सदस्य संघटनांना पैसे देणारी फिफाची योजना.

2023 ते 2026 या चार वर्षांत प्रत्येक सदस्य संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात: साधारण 50 लाख रोजच्या कामकाजाला आणि 30 लाख मैदानं-इमारती अशा प्रकल्पांना. जर्मनीला तेवढेच आणि काही हजार वस्तीच्या मॉन्सेराटलाही तेवढेच, मतही दोघांचं एकेक. जर्मन संघटनेला ही रक्कम किरकोळ आहे. कॅरिबियनमधल्या किंवा पॅसिफिकमधल्या संघटनेचं मात्र सगळं घर त्यावर चालतं: सचिवाचा पगार, संघाची विमान तिकिटं, पंचांचं शिबिर. तिथला अध्यक्ष झुरिचच्या, म्हणजे फिफा मुख्यालयाच्या, प्रस्तावाविरुद्ध हात वर कशाला करील? त्याला कोणी पाकीट दिलेलं नाही, हे खरं. पुढच्या हप्त्याची काळजी मात्र त्याला आहे.

पाकीट कसं असायचं तेही लक्षात असू द्या. मे 2011, पोर्ट ऑफ स्पेनचं हॉटेल. फिफा अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम यांचं भाषण झालं, नंतर कॅरिबियन पदाधिकाऱ्यांना एकेक करून खोलीत बोलावलं गेलं. प्रत्येकाला पाकिटात 40,000 डॉलर रोख. बहामाच्या उपाध्यक्षानं नोटांचा फोटो काढला आणि पैसे परत केले, तो फोटोच पुरावा ठरला. आता फोटो कशाचा काढणार? रक्कम बँकेतून येते, लेखापरीक्षण होतं, सगळं नियमात. म्हणून हा प्रकार मला जास्त घातक वाटतो.

रावपुरा विंगर

ताई, तो पैसा बंद करायचा का मग? 2016 पूर्वी गरीब संघटनांना वर्षाला अडीच लाख डॉलर आणि वर अध्यक्षाच्या मर्जीनं प्रकल्प मिळायचे. मर्जीचा पैसा जास्त वाईट. आता रक्कम सगळ्यांना सारखी आणि आधीच जाहीर. विरोधात बोलल्यामुळे हप्ता थांबला असं एक तरी उदाहरण द्या. नॉर्वेनं डिसेंबर 2024 मध्ये टाळ्यांच्या पद्धतीला उघड विरोध नोंदवला, त्यांचं कुठे काय बिघडलं?

मांडवीची ताई

नॉर्वेला त्या पैशाची गरज नाही, म्हणूनच नॉर्वे बोलू शकला. माझा मुद्दा तोच आहे.

सयाजीगंज 1904

दोघांनीही युरोपकडे कमी लक्ष दिलंय. भ्रष्टाचार म्हटलं की कतार, सौदी, आफ्रिका. जर्मनीचं काय? 6 जुलै 2000 ला 2006 चा विश्वचषक जर्मनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 12-11 असा मिळाला, न्यूझीलंडचे चार्ल्स डेम्प्सी ऐन मतदानाआधी बाहेर पडले म्हणून. पुढे त्याच आयोजनातल्या 67 लाख युरोच्या एका देयकाचा हिशेब जर्मन संघटनेला नीट देता आला नाही आणि अध्यक्ष वोल्फगांग नीर्सबाख यांनी 2015 मध्ये राजीनामा दिला. दक्षिण आफ्रिकेचा 2010 घ्या. 1 कोटी डॉलर 'आफ्रिकन वंशीयांसाठीचा विकास कार्यक्रम' म्हणून फिफाच्याच खात्यातून फिफाचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॅक वॉर्नर यांच्या ताब्यातल्या खात्यांत गेले, असं अमेरिकेच्या आरोपपत्रात आहे. दक्षिण आफ्रिकेनं ती लाच असल्याचं नाकारलं.

कतारबाबत 2020 च्या अमेरिकन आरोपपत्रात काही दक्षिण अमेरिकी सदस्यांना मतासाठी पैसे दिल्याचा उल्लेख आहे, पण कतारच्या बोली समितीवर कुठल्या न्यायालयात दोष सिद्ध झालेला नाही आणि कतारनं तो कायम नाकारला आहे. हा फरक सोडून लिहू नये.

आणि एकच उमेदवार उरला म्हणजे संगनमत, हे गणित चूक आहे. 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी शेवटी बीजिंग आणि अल्माटी दोनच उरले, कारण ऑस्लोसारखी शहरं खर्चाला घाबरून बाहेर पडली. व्हिक्टोरियानं 2026 चे राष्ट्रकुल खेळ खर्चामुळे सोडले. 48 संघ, 104 सामने, 40,000 ते 80,000 आसनांची 14 स्टेडियमं एवढा पसारा पेलणारे देश जगात किती? आधी स्पर्धा फुगवली, मग उमेदवार कमी म्हणून आश्चर्य करायचं!

दांडियाबाजार

सयाजीगंज, जर्मनीबद्दल पूर्ण सहमत. एक उमेदवाराबद्दल नाही. ऑस्लो लोकांनी आणि राजकारण्यांनी हिशेब करून सोडलं, त्याला वेळ मिळाला होता. 2034 साठी सत्तावीस दिवसांत कोणत्या लोकशाही देशात सरकारची हमी, राज्यांची संमती आणि स्टेडियमचं बजेट उभं राहतं? ही मुदत ज्याच्याकडे एकाच माणसाच्या सहीनं सगळं होतं त्यालाच जमते. शिवाय सौदीच्या प्रस्तावाला 500 पैकी 419.8 गुण दिले. तयार स्टेडियमं असलेल्या अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या प्रस्तावाला 402.8 होते! मानवी हक्कांचं मूल्यमापन रियाधमधल्याच एका संलग्न कायदा कंपनीनं केलं आणि जोखीम 'मध्यम' निघाली. स्थलांतरित मजुरांचा मुद्दा कतारच्या वेळी सबंध जगानं पाहिला होता. आपल्या बाजूची माणसंही त्यात होती. त्यानंतर हा शेरा पचत नाही.

मोतीबाग डावी बाजू

भारताचा भाग कोणी काढला नाही म्हणून लिहितो. 2027 च्या आशियाई करंडकासाठी शेवटच्या दोन उमेदवारांत भारत होता. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या महासंघानं माघार घेतली आणि सौदी बिनविरोध झाला. म्हणजे 2034 च्या आधीच एक स्पर्धा त्यांना अशीच मिळाली, आणि त्यात लाच नव्हती, आपली तयारी नव्हती.

दुसरं, 'सरकारनं यात लक्ष घालावं' म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2022 आठवावा. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली प्रशासक समिती महासंघ चालवत होती, ते फिफानं 'तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप' ठरवून भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरमधला 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जायची वेळ आली. समिती गेली, अकरा दिवसांत निलंबन उठलं. हा नियम राजकारण्यांना दूर ठेवायला केलेला, पण बाहेरच्या तपासालाही तोच आड येतो. 27 मे 2015 ला झुरिचच्या बोर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकारी पकडले गेले ते फिफाच्या समितीमुळे नव्हे, अमेरिकेच्या तपासामुळे. पैसा अमेरिकन बँकांतून फिरला म्हणून. पैसा दुसरीकडून फिरला असता तर?

आतली माणसं किती टिकतात तेही पाहा. 2018 आणि 2022 च्या बोलींवरचा फिफाच्या नीतिसमितीचे तपासप्रमुख मायकेल गार्सिया यांचा 400 वर पानांचा अहवाल 2014 मध्ये आला. त्याच समितीत निवाडा करणारे हान्स-योआखिम एकर्ट यांनी 42 पानांचा सारांश काढला, आणि त्यात आपलं म्हणणं चुकीचं मांडलंय असं म्हणत गार्सिया बाहेर पडले. मूळ अहवाल 2017 मध्ये जर्मन वृत्तपत्राला फुटल्यावर फिफानं छापला. त्याच वर्षी बहारीनच्या महासभेत एकर्ट आणि नवे तपासप्रमुख बोरबेली दोघांचीही मुदत वाढवली नाही, कित्येक चौकशा अर्धवट असताना.

रावपुरा विंगर

मोतीबाग, हे शेवटचं मला मान्य करावं लागतं. 2016 च्या सुधारणांचा कणा म्हणजे स्वतंत्र समित्या होत्या, आणि तो वर्षभरात मोडला. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो यांची 2016 ते 2019 ची पहिली 39 महिन्यांची मुदत बारा वर्षांच्या मर्यादेत धरायची नाही, हा निर्णयही त्याच रांगेतला.

पण उपाय काय? माझ्या मते तीन गोष्टी नियमात लिहाव्या लागतील. दोन स्पर्धांचे यजमान एका सभेत द्यायचे नाहीत. 2010 मध्ये तेच झालं, 2024 मध्ये पुन्हा तेच, आणि दोन्ही वेळा त्यामुळेच देवाणघेवाण शक्य झाली. प्रक्रिया उघडल्यापासून इच्छा कळवायला निदान एक वर्ष. आणि अटी, म्हणजे तयार स्टेडियमची संख्या वगैरे, प्रक्रिया उघडायच्या आधी ठरल्या की त्या स्पर्धेपुरत्या गोठवायच्या. शिवाय टाळ्या बंद, मतदान नावानिशी.

मांडवीची ताई

पहिल्या तीन ठीक. नावानिशी मतदानाला माझा विरोध आहे. 2018 मध्ये यादी जाहीर होणार हे ठाऊक असल्यामुळेच ट्रम्प यांना आधी उघड बजावता आलं की आमच्या बोलीला विरोध करणाऱ्यांना आम्ही पाठिंबा का द्यावा. छोट्या देशाचं मत उघड केलं की त्याच्यावर दोन दिशांनी दाब येतो, झुरिचचा आणि मोठ्या सरकारांचा.

सयाजीगंज 1904

गुप्त मतदानातच 2010 घडलं ना, ताई. आणि देऊ केलेला पैसा उघड असला तरी प्रश्न सुटत नाही. 2003 मध्ये दिल्लीनं 2010 च्या राष्ट्रकुल खेळांसाठी हॅमिल्टनला 46-22 हरवलं, तेव्हा प्रत्येक सदस्य देशाला खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी 1 लाख डॉलर देऊ केले होते. 72 देश, 72 लाख डॉलर, जाहीरपणे. कोणताही नियम मोडला नाही. तरी मतदाराला पैसे देऊन मत मागणं ते हेच. बोली लावणाऱ्यानं मतदार संघटनेला कुठल्याही नावाखाली काहीही द्यायचं नाही, हा चौथा नियम हवा.

दांडियाबाजार

चौथा नियम घ्या, आणि त्यात प्रायोजकही धरा. सौदी आरामको एप्रिल 2024 मध्ये फिफाचा जागतिक भागीदार झाला, म्हणजे यजमान ठरायच्या आठ महिने आधी. बोली देणाऱ्या देशाच्या सरकारी कंपनीशी बोली चालू असताना फिफानं करार करायचा नाही, एवढं एक वाक्य घटनेत घालायला कोणाची हरकत असेल तर त्यानं इथे कारण लिहावं. नावानिशी की गुप्त, यावर मी ताईंच्या विरोधात आहे. दाब येतो हे खरं, पण कोणी कोणाला मत दिलं हेच माहीत नसेल तर मत आणि पैसा जोडून दाखवायचा कसा? तपास करणाऱ्याच्या हातात सुरुवातीला तेवढाच कागद असतो.

मांडवीची ताई

मग यादी बंद पाकिटात क्रीडा लवादाकडे ठेवा आणि चौकशी उघडली तरच फोडा. सरकारांना दिसणार नाही, तपासाला मिळेल.

रावपुरा विंगर

हे चालेल. फक्त चौकशी उघडायचा अधिकार फिफाच्या कौन्सिलकडे ठेवू नका.