मोटू-पतलू: मुलांना बघू द्यावं की रिमोट लपवावा?

तिसरा_मजला (धागाकर्ती)

परवा आमच्याकडे मोटू-पतलूवरून चक्क भांडण झालं. मुलगा सात वर्षांचा. भागाकाराला बसवलं तर पेन्सिल खाली ठेवून म्हणतो, "आई, रिकाम्या पोटी माझ्या दिमागाची बत्ती पेटत नाही." मला हसू फुटलं, नवऱ्याचं डोकं फिरलं. त्याचं फर्मान निघालं, हा थिल्लरपणा आजपासून बंद, लावायचंच तर काहीतरी शिकवणारं लाव. मला हे पटत नाही, म्हणून इथे मांडते आहे.

घरात लहान मूल नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकातल्या जुन्या चित्रकथेवरून कॉसमॉस-माया या ॲनिमेशन कंपनीने ही कार्टून मालिका काढली आणि २०१२ मध्ये ती निक या मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. फुरफुरीनगर नावाचं गाव. समोशासाठी जीव टाकणारा मोटू आणि त्याचा डोकेबाज दोस्त पतलू. सोबतीला भलतीच यंत्रं बनवणारा डॉ. झटका. कुठलंही काम निघालं की आपल्याला त्याचा वीस वर्षांचा अनुभव असल्याचं सांगणारा घसीटाराम. हवेत गोळी झाडून स्वतःच्याच टाळक्यावर नारळ पाडून घेणारा इन्स्पेक्टर चिंगम. आणि यमकं जुळवत चोऱ्या करणारा जॉन.

आता माझा मुद्दा. यांच्यातला एकही हिरो व्हायच्या लायकीचा नाही, आणि मला तेच आवडतं. छोटा भीम पहिल्या भागापासूनच भीम आहे, तो जिंकणारच. मोटू आधी स्वतः घोळ घालतो, सगळ्या गल्लीचा मार चुकवत पळतो आणि तो घोळ निस्तरता निस्तरता गाव वाचतं. आपण पोरांना उठल्यापासून झोपेपर्यंत "नीट कर, चुकू नकोस" ऐकवतो. दिवसातली वीस मिनिटं त्यांनी सतत चुकणाऱ्या माणसांच्या संगतीत घालवली तर काय बिघडलं?

दुसरं म्हणजे, माझ्या मुलाला आता आजूबाजूची माणसं दिसायला लागली आहेत. इमारतीत येणारे वायरमन काका म्हणजे डॉ. झटका, असं त्याने ठरवून टाकलंय. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली तर हा अर्धा तास त्यांच्या शेजारी बॅटरी धरून उभा होता. एरवी अर्धा मिनिट एका जागी टिकत नाही.

जुना_वाचक

ताई, तुमचा सूर समजला, पण पटला नाही. मी वीस वर्षं मुलांचं वाचनालय चालवलं आहे. मुलांना काय द्यावं आणि काय देऊ नये, याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

ध्यानीमनी नसलेला हिरो हा काही टीव्हीवाल्यांचा शोध नव्हे. फुरफुरीनगराच्या आधी आपल्याकडे फुरसुंगी होती! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे आठवा. काडीपैलवान पोरगा, खाली सायकल, तोंडात 'ट्टॉक'. पण तो संकटातून सुटतो तो नजर तीक्ष्ण आहे, प्रसंगावधान आहे म्हणून. वाचताना मूल त्याच्याबरोबर विचार करतं. तुमच्या त्या समोशात विचार कुठे आहे? नुसती पळापळ आणि आदळआपट.

चहा_बिनसाखरेचा

घसीटाराम सापडला!! 😂

जुना_वाचक

@चहा_बिनसाखरेचा, हे कोणाला उद्देशून? मुद्द्यावर बोलावे.

शेंगदाणा_कूट

वाचनालयवाल्या काकांच्या मुद्द्यात दम आहे, हसण्यावारी नेऊ नका. आणि ताई, तुमच्या मुद्द्याला मोठं भोक आहे.

मी पोरीच्या शेजारी बसून सलग बरेच भाग बघितलेत (नाइलाज, पाय प्लास्टरमध्ये होता). पहिली आठ-नऊ मिनिटं तुम्ही म्हणता तशीच. पतलूची युक्ती फसते, झटक्याचं यंत्र उलटतं, चिंगम भलत्यालाच पकडतो. इथवर सगळे खरोखर आपल्यासारखे. पण शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी मोटूच्या तोंडात समोसा कोंबतो आणि तो गरगर फिरत जॉनच्या टोळीला आसमान दाखवतो. संपलं! चुकतमाकत शिकणारा माणूस गेला कुठे? तिथे पुन्हा भीमच उभा. त्याचा लाडू, याचा समोसा, आणि १९२९ पासून चित्रकथेत असलेल्या त्या पॉपाय खलाशाचा पालक. सगळी एकच गोळी.

पतलूच्या युक्तीने जॉन पकडला गेला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. तसे भागही आहेत, पण कमी. 'सामान्य माणूस हिरो' हे लेबल आहे, आतला माल ताकदवान हिरोचाच.

तिसरा_मजला

@शेंगदाणा_कूट, हे लागलं. शेवट मी कधी नीट बघितलाच नव्हता बहुतेक, त्या वेळेला माझा कुकर लावायचा असतो. तरी एक विचारते. मुलगा गोष्ट सांगताना कधीच शेवट सांगत नाही. "मग मोटूने मारलं" एवढ्यावर उरकतो. सांगतो ते मधलंच, चिंगमच्या डोक्यावर नारळ कसा पडला ते, अभिनयासकट. त्याच्या लेखी गोष्ट मधलीच असेल तर?

गोल_गरगरीत

एवढा वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, अंगाने भरलेला. शाळेच्या गाडीत त्याचं नाव 'मोटू' पडलंय. पहिल्यांदा कुणी म्हटलं ठाऊक नाही, पण आता गाडी चालवणारे काकासुद्धा दार उघडताना म्हणतात, "ये मोटू, आज किती समोसे?" प्रेमानेच म्हणतात, त्यांच्या मनात काही नसतं. पोरगा हसतो. मात्र दोन महिन्यांपासून डबा अर्धा परत येतो आहे. विचारलं तर भूक नव्हती म्हणतो.

तुम्ही सगळे कथेची रचना, हिरोची व्याख्या वगैरे काढताय. माझ्या घरात प्रश्न साधा आहे. जाड माणूस म्हणजे खादाड, त्याला दुसरं काही सुचत नाही, त्याचं पोट म्हणजे विनोद, हे रोज बघून सगळा वर्ग शिकतो. आधीही जाड पोरांना चिडवायचेच, मान्य. पण तेव्हा चिडवणाऱ्याला स्वतःचं डोकं चालवावं लागायचं. आता नाव, संवाद, सगळं तयार मिळतं.

आणि हो, आमच्याकडे रिमोट लपवून झाला. उपयोग शून्य. चिडवणारी पोरं आपापल्या घरी बघतातच की.

की_फ्रेम

दादा, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी ॲनिमेशनमध्ये काम करतो (या मालिकेवर नाही), म्हणून फक्त 'जाड-बारीक' का, तेवढं सांगतो.

पात्र काढताना आम्ही आधी ते आतून काळं भरून बघतो. डोळे नाहीत, कपडे नाहीत, नुसती सावली. त्या सावलीवरून पोरगं लांबून ओळखू शकलं तर पात्र पास. एक गोळा आणि एक काठी शेजारी ठेवली की ओळख क्षणात पटते. ही क्लृप्ती टीव्हीपेक्षा जुनी आहे. लॉरेल आणि हार्डी १९२७ मध्ये जोडी म्हणून जमले, आपण त्यांना जाड्या-रड्या केलं. चिं. वि. जोशींचे चिमणराव किडकिडीत, गुंड्याभाऊ आडदांड. पण फरक बघा. गुंड्याभाऊंच्या अंगापेक्षा त्यांच्या तापट, भाबड्या स्वभावावर आपण जास्त हसतो. मोटूला स्वभाव आहे, पण लेखक घाईत असला की त्याचं पोट पुढे करतो. दर आठवड्याला भाग लागतो, तेव्हा हातात आहे ते वापरलं जातं. तीच गल्ली, तीच चहाची टपरी, धावण्याचं तेच चक्र. एकदा बनवलेलं मॉडेल शंभर वेळा वापरलं तरच हिशेब जुळतो. विनोदाचंही तसंच होतं.

जाता जाता, पोरांना सांगून बघा: सुरुवातीची कित्येक वर्षं मोटू आणि पतलू दोघांचाही आवाज एकाच माणसाचा होता, सौरव चक्रवर्ती. माझी भाची ते ऐकल्यापासून डोळे मिटून ऐकत बसते.

उंबरठा

सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. मुख्य मंडळींत बाई आहे का एक तरी? मोटू, पतलू, झटका, घसीटाराम, चिंगम, चायवाला, जॉन, त्याचे दोन चमचे. गल्लीतले हिरो म्हणता, मग ही कसली गल्ली? माझी मुलगी खेळात नेहमी चायवाला होते. विचारलं तर म्हणाली, "तो निदान सगळ्यांवर ओरडतो तरी."

आणि चिंगमचं ते दाक्षिणात्य हेल काढून बोलणं. आमचे शेजारी तमिळ आहेत, त्यांच्यासमोर टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो.

जुना_वाचक

समोशाबद्दलही बोला कोणीतरी. २०२० साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. छान! फाटकाबाहेर बंदी, आणि दिवाणखान्यात समोसा खाऊन माणूस अचाट बलवान होतो हे दिवसभर चालू.

चहा_बिनसाखरेचा

काका, मस्करी सोडून लिहितो. मी शिनचॅन बघत वाढलो. २००८ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली, पोरं उद्धट होतात म्हणून. आमच्या आईने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुढच्या वर्षी काटछाट होऊन तो परत आला. मधल्या काळात मी सुधारलो होतो का? आईला विचारा, ती अजून सांगते. उद्धटपणा आमच्या घरात आधीपासून पुरेसा होता, बाबांकडून आलेला.

समोसे मी आजही खातो, पण एकदाही गरगर फिरून कुणाला लोळवता आलं नाही. पोरांना हे कळतं हो. पोरं वेडी नसतात.

शेंगदाणा_कूट

समोशाने ताकद येत नाही हे पोरांना कळतं, बरोबर. जाड माणसाला हसायचं असतं, हे मात्र त्यांना खरंच वाटतं. कारण त्यात अशक्य असं काहीच नाही. @गोल_गरगरीत यांचा मुद्दा तिथे उरतो. माझा 'शेवटच्या दोन मिनिटांचा' मुद्दा त्यापुढे किरकोळ वाटायला लागलाय.

तिसरा_मजला

@गोल_गरगरीत, दादा, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. मग मुलाला विचारलं, तुमच्या वर्गात कुणाला मोटू म्हणतात का? लगेच नाव सांगितलं. "तू पण म्हणतोस?" तर म्हणे, "सगळेच म्हणतात." मी मालिका बंद करणार नाही, माझं मत अजूनही तेच आहे. पण शेजारी बसून बघायची ठरवलंय, शेवटासकट. कुकर आधी लावीन. आणि त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, हे त्याला सांगितलंय. किती पाळेल, देव जाणे.

गोल_गरगरीत

ताई, एवढं विचारलंत हेच पुष्कळ झालं.

काल रात्री मीही मुलाच्या बाजूला बसून एक भाग बघितला. मनात होतं, तो मोटूला हसला की विषय काढायचा. तर हा मोटूकडे बघतही नव्हता. जॉन आला की ताठ बसायचा. शेवटी विचारलं, तुला यातला कोण व्हायला आवडेल? म्हणाला, "जॉन. त्याला यमकं जुळवता येतात, आणि मार खाऊन तो परत येतोच." आज सकाळी डबा घेताना त्याने दोन ओळी ऐकवल्या. दुसरी ओळ गाडीवाल्या काकांबद्दल होती, ती इथे देता येणार नाही. उत्तर तयार ठेवलंय म्हणाला. आता काकांशी मी आधी बोलू की याला बोलू देऊ, ते ठरत नाहीये.

उंबरठा

त्यालाच बोलू द्या! आणि दुसरी ओळ मला खाजगीत पाठवा.

की_फ्रेम

आधी तुम्ही बोला दादा. मोठ्या माणसाला नऊ वर्षांच्या पोराने का समजवायचं?

जुना_वाचक

आत्ताच नातवाला विचारले, घसीटाराम म्हणजे कोण. त्याने सांगितले. नंतर पाच मिनिटे हसत होता, सूनही हसत होती.

@चहा_बिनसाखरेचा, दुरुस्ती करतो. वाचनालय बावीस वर्षे चालवले.