प्रति: होडीच्या तळात साचणारं पाणी

वर 'ऑटोमॅटिक पंप बसवा आणि विसरा' असा सल्ला आलाय. पंप बसवाच, पण बॅटरी उतरली की तो नुसता शोभेला. पाणी येतं कुठून ते आधी बघा. हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावा: गोडं असेल तर पावसाचं, खारट असेल आणि लाटा आत येत नसतील तर कुठेतरी फट आहे. लाकडी होडी बरेच दिवस कोरडी राहिली की सुरुवातीला गळतेच. फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. १०० लिटर पाणी म्हणजे जवळपास १०० किलो, आणि होडी कलेल त्याच बाजूला ते धावतं. मी अजून तेलाचा ५ लिटरचा कॅन तिरका कापून, मूठ शाबूत ठेवून उपसायला वापरतो. दोरीने बांधा मात्र, माझे दोन वाहून गेलेत!