अनुभव धागा: बोलका नंदी अन् पोट्ट्यांसाठी जादूची कादंबरी

पऱ्हाटी: बाजारात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोट्ट्यांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी लागले अन् रात्री उठून गावभर हिंडणाऱ्या नंदीच्या जुन्या गोष्टी आठवल्या. ९ ते १२ वर्षांच्या पोरांसाठी यावर हसवणारी कादंबरी होते. लिहिणारे, वर्गात वाचून दाखवणारे, सांगा आपापलं. माझ्याकडून एकच: जादूला नियम लावा आणि तोच पोरांच्या अंगलट आणा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना बैलाला म्हणतात ना, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या"? पोट्टं हेच लाकडी नंदीला बोललं की तो दुसऱ्या दिवशी जेवायला हजर! त्याला परत कसा पाठवायचा, यावर दहा प्रकरणं निघतात. नंदीला सगळंच जमतं असं ठेवलं तर तिसऱ्या प्रकरणातच गोष्ट संपते, संकट उरतच नाही.

धुऱ्यावरून: मंत्र म्हणून झडती घ्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणतात ती यमकातली गाणी. यमक जुळलं तर जादू, चुकलं तर भलतंच. शेवटी "हर बोला हर हर महादेव" राहिलं तर जादू अर्धवट, म्हणजे नंदीचं तोंड बोलते पण पाय लाकडीच.

चहा_ठेवलाय: मायबाप कुठं असतात पण या पोट्ट्यांचे?

धुऱ्यावरून: बाप्ये बैल घेऊन तोरणाखाली, बाया पुरणात. पोळा फुटेपर्यंत, म्हणजे बैल तोरणाखालून सुटेपर्यंत, रान मोकळं.

बांधीतला बेडूक: रात्रीचा पाठलाग लिहाल तर चांदणं टाकू नका भाऊ, पोळा अमावस्येचा. पऱ्हाटीत (कपाशीत) लपवाल तर पांढरी बोंडं नको, तेव्हा पात्या (कळ्या) अन् फुलं असतात. खेड्यातलं पोरगं लगेच पकडते. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात, नेलं तर बांधीत (धानाच्या वावरात) पाणी उभं, पळणं धुऱ्यावरूनच (बांधावरूनच), एकामागे एक. पुढचा घसरला की सगळे चिखलात, हशा फुकट.

सावजी_तडका: यंदा नंदी केवढ्याले आहे?

पऱ्हाटी: हातातला का चाकाचा? सागाचा महागच.

बांधीतला बेडूक: आस (चाकांचा दांडा) पाहून घ्या. चाकं वाकडी बसवली असली तर ओढताना कलंडते. कादंबरीतपण एक चाक अडकणारं ठेवा, उडताना नुसता डावीकडे वळंल 😂

वाचनतास: मोठ्यानं वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्द जातात. प्रकरण १२०० ते १५०० शब्दांचं ठेवा, एका तासिकेत वाचून गप्पाही होतात. हसायचा शब्द वाक्याच्या शेवटी. "शेपटी हातात राहिली अन् नंदी पळाला" यात मजा नाही. "नंदी पळाला अन् हातात राहिली शेपटी", हे चालते. हशा पिकणार तिथं पुढच्याच ओळीत कामाची माहिती देऊ नका, गोंगाटात जाते.

चहा_ठेवलाय: खलनायक मारबत करा ना, मिरवत गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला "घेऊन जा गे मारबत" करत साऱ्या गावाची रोगराई तिच्याच माथी. तिचा राग खरा वाटला पाहिजे, नुसती दात दाखवणारी नको. मग पोरांना तिच्याशी भांडता येत नाही, मांडवली करावी लागते. त्यातच खरी गंमत.

कागदवाला: छापाल तर अक्षर १४ पॉइंट तरी. फर्मा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घालतात तो गठ्ठा) १६ पानांचा, म्हणून ११२ किंवा १२८ पानं. १३० केली तर दोन पानांसाठी नवा फर्मा.

सावजी_तडका: नंदी जेवाले आला तर वाढाल काय? पुरणपोळी का ठोंबरा?

चहा_ठेवलाय: ठोंबरा! ज्वारी भरडून शिजवायची, मीठ घालायचं. थोडा पातळच ठेवा बाप्पा, थंड झाला की दगड होते.