२२ मे १९६०: चिलीसोबत हिलोचीही नोंद हवी
२२ मेच्या दिनविशेषात १९६० चा चिलीतला ९.५ तीव्रतेचा भूकंप नोंदवलेला असतो, पण आपत्तीच्या तयारीच्या दृष्टीने हवाईतलं हिलो शहर जास्त शिकवतं. त्या भूकंपाने उठलेली त्सुनामी तिथे सुमारे १५ तासांनी, म्हणजे २३ मेच्या मध्यरात्रीनंतर पोहोचली. भोंगे काही तास आधीच वाजले होते, तरी ६१ जण गेले. पहिल्या लाटा किरकोळ निघाल्या, म्हणून काही जण किनाऱ्याकडे परतले. तिसरी भिंतीसारखी आली. दोन लाटांत दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर पडू शकतं. त्यामुळे पाणी ओसरलं तरी अधिकृत ‘धोका टळला’ येईपर्यंत उंचावरच थांबायचं. आपत्कालीन पिशवीत बॅटरीवरचा रेडिओ हवाच, मोबाइल नेटवर्क अशा वेळी हमखास तुंबतं. आणि हो, किनाऱ्यावर असताना जोरदार किंवा लांबलेला हादरा बसला, तर भोंग्याची वाटच बघू नका. शक्यतो पायीच निघा, गाड्यांनी रस्ते अडतात.